तिसऱ्या प्रकरणाशी अडलेली कादंबरी

प्रश्न : मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आहे. दहावीतली सोनी, आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती आजी आणि धाकट्या भावासोबत गावात मागे राहिलेली, अशी सुरुवात आहे. दरवेळी तिसरं प्रकरण संपलं की अडते. आम्ही चौघी मैत्रिणी रविवारी कल्पना काढायला जमतो, पण एक बोलते आणि बाकीच्या माना डोलावतात. जादूची कथा सुचते तीही परदेशी वाटते. नोव्हेंबरात ३० दिवसांत ५०,००० शब्दांचं आव्हान घेतलं, ते पहिल्याच आठवड्यात सुटलं. संवाद बोलीत लिहावेत की प्रमाण भाषेत? आणि विद्यार्थिनींनी वहीत लिहिलेल्या ओळी कादंबरीत घेतल्या तर चालेल का?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेली तिन्ही प्रकरणं वाचली. पहिल्यात गावातून ट्रॅक्टर निघतो. दुसऱ्यात सोनी शाळेत जाते आणि बाई तिला धीर देतात. तिसऱ्यात आजी आजारी पडते आणि शेजारच्या काकू तिला दवाखान्यात नेतात. वर्णन चांगलं आहे, सोनीचा भाऊ तर डोळ्यांसमोर उभा राहतो. पण तीन प्रकरणांत सोनीनं स्वतःहून एकही गोष्ट ठरवलेली नाही. ट्रॅक्टर मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमानं आणला, धीर बाईंनी दिला, दवाखाना काकूंनी गाठला. चौथ्या प्रकरणात आता कोण काय करणार, हे तुम्हाला सुचत नाही, कारण करणाऱ्या सगळ्या माणसांची कामं संपलेली आहेत. अडचण कल्पनेची नाही. नायिकेच्या हाती निर्णय नाही, ही अडचण आहे.

लहान मुलांच्या गोष्टीत मोठ्यांनी येऊन प्रश्न सोडवला तरी चालतं. प्रौढांच्या कादंबरीत माणूस परिस्थितीखाली दबून राहिला तरी चालतं. कुमारवयाच्या वाचकाला दोन्ही पुरत नाही. सोळाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी ठरवायचं असतं आणि ठरवायचा अधिकार मात्र घरात कुणी दिलेला नसतो. या वयाच्या कादंबरीचा जीव त्या ओढाताणीत असतो. म्हणून कल्पना काढताना ‘ऊसतोडीवर काय लिहावं’ असा विषय समोर ठेवू नका. ‘सोनी काय करते’ हा प्रश्न ठेवा.

तुमच्या विषयात घड्याळ तयारच आहे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दहावीचा फॉर्म दिवाळीच्या मागेपुढे भरला जातो, परीक्षा फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये येते. म्हणजे सोनीची परीक्षा आणि आईबापाच्या हंगामाचा शेवट एकमेकांवर येऊन आदळतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर घेतलेली. आई उसाच्या फडात आजारी पडली की कोयता अर्धा होतो. काम बुडालेल्या दिवसाचा खाडा अंगावर बसतो आणि उचल फिटत नाही. आता मुकादमाचा फोन येतो : पोरीला पाठवा, नाहीतर पैसे परत करा. परीक्षा तीन आठवड्यांवर. कुणीही खलनायक न आणता इतका दाब तयार होतो. मुकादमही राक्षस करू नका. त्यानं कारखान्याकडून पैसे उचललेले असतात, तोही अडकलेला असतो, आणि अडकलेला माणूस वाचकाला जास्त खरा वाटतो.

दुसरा दाब लग्नाचा. मागे राहिलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी आणि लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो हा हिशेब, या दोन्हींपायी आपल्या भागात मुलींची लग्नं लवकर होतात. हा धागा घेणार असाल तर कायद्याचं नीट वाचून घ्या. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा आहे, मुलीचं वय १८ पूर्ण लागतं, मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे आणि गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ही शेवटची गोष्ट कथेसाठी फार मोलाची आहे. ज्याच्याकडे तक्रार करायची तो ग्रामसेवक लग्नाच्या पंगतीला बोलावलेला असेल, तर मैत्रिणीचं लग्न थांबवू पाहणारी सोनी कुणाकडे जाईल?

आता रविवारच्या बैठकीविषयी. चौघींनी तोंडी कल्पना काढायच्या म्हटलं की तेच होणार जे तुम्ही लिहिलं आहे. एक बोलत असते तेव्हा बाकीच्या ऐकण्यात आणि आपली पाळी सांभाळण्यात गुंततात, डोक्यात आलेलं तेवढ्यात निसटतं. शिवाय पहिली कल्पना छान म्हटली गेली की पुढच्या तिच्याच आसपास फिरतात. १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या, तर त्या जास्त निघाल्या.

यावर १९६८ साली जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांनी लेखी पद्धत काढली. ६ माणसं, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटांची फेरी, मग कागद शेजारच्याकडे. सहा फेऱ्यांत अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. तुम्ही चौघी आहात, म्हणजे चार फेऱ्या, २० मिनिटं, ४८ नोंदी. चौघींनी आपापल्या आडव्या कागदावर चार ओळी, तीन रकाने आखा. वर एकच प्रश्न लिहा, आणि तो चिमटीत पकडता येईल इतका नेमका असू द्या : ‘आई फडात आजारी, मुकादमाचा फोन आला, परीक्षा तीन आठवड्यांवर. सोनी आज रात्री काय करते?’ यातला ‘आज रात्री’ काढून टाकला तर उत्तरं लगेच ढोबळ होतात, ‘ती संघर्ष करते’ अशी.

पहिल्या ओळीत चौघींचं जवळजवळ सारखंच येईल : बाईंकडे जाते, पोलिसांत जाते, पळून जाते. येऊ द्या. ती ओळ डोकं मोकळं करण्यासाठीच असते. दुसऱ्या फेरीपासून नियम असा की वरच्या रकान्यात जे आहे त्यालाच पुढे न्यायचं किंवा उलटं करायचं, नवं काढायचं नाही. बाईंकडे जाते, पण बाईंनी याच मुकादमाकडून उसने पैसे घेतलेत. पळून जाते, पण भावाला सोबत न्यावं लागतं. तिसऱ्या फेरीत हात थांबतात, कंटाळा येतो, हसू येतं. तिथं सोडू नका. कामाचं बहुतेक तिसऱ्या-चौथ्या ओळीत सापडतं. चौघींनी एकाच रंगाचं पेन वापरा, म्हणजे कुणी काय लिहिलं यावरून भीड पडत नाही. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, ‘भारी’ असंही म्हणायचं नाही. एकीनं जरी अक्षर गिचमिड काढलं तर पुढची ते वाचण्यातच पाच मिनिटं घालवते, म्हणून तीन शब्दांत का होईना, सुटं लिहा.

निवड त्याच दिवशी करू नका. त्या दिवशी जी कल्पना सगळ्यात जास्त हसवून गेली तीच निवडली जाते. सोमवारी एकटीनं कागद घेऊन बसा आणि प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. हे उद्या परत फिरवता येईल का? येत असेल तर खोडा. यात सोनीच्या जवळच्या कुणाचं नुकसान होतं का? होत नसेल तर खोडा. पहिलं पाऊल ती मोठ्या माणसाला न सांगता टाकू शकते का? नसेल तर खोडा. ४८ मधून चार-पाच उरतात. उदाहरणार्थ, शेजारी राहणाऱ्या चुलतबहिणीला कॉलेजच्या फीचे पैसे आजीनं दिलेत, ते घेऊन सोनी आईला आणायला एकटी निघते. पैसे परत येणार नाहीत, बहिणीचं वर्ष धोक्यात, आणि हे सोनीनं केलं आहे. हे तुमचं चौथं प्रकरण. १४ प्रकरणांच्या कादंबरीत ते बरोबर पाव हिस्स्यावर येतं आणि परतीची वाट तिथंच बंद व्हायला हवी.

पुढची साखळी तपासायला सोपी कसोटी आहे. प्रत्येक प्रकरण एका ओळीत लिहा आणि दोन ओळींमध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘मग’ बसत असेल तर प्रकरणं नुसती एकामागे एक उभी आहेत. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर कथा चालते आहे. तुमच्या तीन प्रकरणांत दोन्ही जागी ‘मग’ येतं.

जादूच्या कथेबद्दल. परदेशी वाटते कारण त्यात जादू आधी ठरते आणि गाव नंतर चिकटवलं जातं. उलटं करा. गावातल्या ज्या गोष्टीला माणसं आजही मान देतात तिथून सुरू करा आणि आजच्या बदलानं तिला धक्का लावा. विहिरीवर साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचं ठाणं असतं, शेंदूर लावलेले सात दगड. आता विहीर आटली, बोअर आठशे फुटांवर गेला. आसरा कुठं गेल्या? टँकरच्या मागे गेल्या का? लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या पाण्यासोबत परगावच्या आसरा आल्या तर? हा प्रश्न मराठवाड्याबाहेर कुणाला सुचणारच नाही. नळदुर्गचा पाणीमहाल, तुमच्याच गावची जयंती नदीकाठची हत्तीखाना लेणी, जायकवाडीच्या नाथसागराखाली गेलेली गावं, या जागाही तशाच आहेत. नियम एकच ठेवा : जादू वापरली की वापरणाऱ्याचं काहीतरी जायला हवं आणि ते काय, हे पहिल्या तीन प्रकरणांत वाचकाला कळायला हवं. नाहीतर शेवटी संकट आलं की जादू येऊन सोडवणार, म्हणजे पुन्हा शेजारच्या काकूच.

जुन्या घटनेवर लिहायचं असेल तर आधी वयाचं गणित करा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर झाला. आज सोळा वर्षांचा मुलगा त्या घटनेत असू शकत नाही. त्याची आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. मग कथा भूकंपाची राहत नाही. जिच्याविषयी आई कधीच बोलत नाही अशा एका रात्रीची होते, आणि मुलगा नव्या जागी वसवलेल्या गावातून जुन्या गावाच्या जागेवर जाऊन ती शोधतो. ही कथा जास्त ताकदीची आहे.

नोव्हेंबरचं आव्हान सुटलं यात तुमचा दोष नाही. १९९९ साली अमेरिकेत ते सुरू झालं, दिवसाला १,६६७ शब्द पडतात. आपल्याकडे तोच महिना दिवाळी, कापूस वेचणी, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आणि शाळेचं दुसरं सत्र घेऊन येतो. शिवाय आकडाही आपला नाही. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, ‘शेजाऱ्यांच्याकडूनसुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो. कुमार कादंबरीला ३०,००० मराठी शब्द पुरेसे आहेत : १४ प्रकरणं, प्रत्येकी साधारण २,२००.

तुमच्यासाठी जुलै ते सप्टेंबर बरा. आठवड्याला ५ दिवस, दिवसाला ५०० शब्द, १२ आठवडे, झाले ३०,०००. फुलस्केपच्या दोन-अडीच पानांत ते बसतात. पोळा आणि महालक्ष्म्यांचा आठवडा आधीच रिकामा धरा, म्हणजे लिहिणं ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपेल. बहुतेकांचं दुसऱ्याच आठवड्यात मोडतं, आणि कारण उत्साह असतं. पहिल्या चार दिवसांत हजार-हजार लिहितात, मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी मागची बाकी धरून दीड हजार करायचे म्हणून वही उघडत नाहीत. म्हणून वरची मर्यादाही ठेवा : ७०० झाले की थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. अर्ध्या वाक्यावरून दुसऱ्या दिवशी सुरुवात करणं कोऱ्या पानापेक्षा खूप सोपं जातं. चुकलेल्या दिवसाची बाकी पुढे ओढायची नाही. मागच्या पानाच्या फक्त शेवटच्या दहा ओळी वाचायच्या. माहिती अडली की चौकोनी कंस टाकून पुढे जायचं, ‘[टायरगाडीत किती मोळ्या?]’ असं, आणि हे कंस शनिवारी हंगामावरून आलेल्या माणसांना विचारून भरायचे.

सुरुवातीच्या आठवड्यांत हात अडखळला तर दहा मिनिटांचे छोटे खेळ करा, पण कादंबरीतलीच माणसं घेऊन. सोनी आजीशी खोटं बोलते आणि आजीला ते कळलं आहे, पण दोघी फक्त भाकरीविषयी बोलतात. किंवा असा प्रसंग, जिथं घरातला एकुलता फोन मामाच्या हातात आहे आणि सोनीला आलेला संदेश तो मोठ्यानं वाचतो. फोनचं काय करायचं हा प्रश्न तुम्हाला पुढे छळणार आहे, कारण दोन मिनिटांच्या फोननं निम्म्या कादंबऱ्या संपतात. ‘रेंज नव्हती’ एकदाच वापरता येतं. त्यापेक्षा फोन कुणाच्या ताब्यात आहे, रिचार्ज कोण मारतं, कुलूप कुणाला माहीत आहे, यातून अडथळा काढा. तो खरा असतो आणि घरातली सत्ताही दाखवतो.

बोलीबद्दल मत ठाम आहे : संवाद बोलीतच लिहा. निवेदन प्रमाण भाषेत ठेवलं तरी चालेल, आणि सोनी स्वतः सांगत असेल तर पूर्ण कादंबरी बोलीत यावी. मात्र सगळ्यात जास्त चुकतं ते असं की आजी, मुकादम, शेजारी बोलीत बोलतात आणि बाई, डॉक्टर, हुशार नायिका पुस्तकी. वाचणाऱ्या मुलाला त्यातून कळतं की आपली भाषा अडाण्याची आहे. बाईंनाही ‘काय करायलीस गं?’ म्हणू द्या. सोनी मैत्रिणीला ‘कामून?’ विचारेल आणि मुख्याध्यापकांसमोर ‘का बरं सर?’ म्हणेल. हा बदल तिच्या स्वभावाचा भाग आहे. प्रत्येक उच्चार लिपीत उतरवायला जाऊ नका, पान वाचवत नाही. पाच-सहा खुणा ठरवा : न की ण, ‘करायलाय’सारखी रूपं, ‘लई’, ‘न्हाई’, ‘बगा’, आणि त्याच शेवटपर्यंत पाळा. एका कागदावर लिहून वहीला चिकटवा. केजची बोली आणि उदगीरची बोली एक नाही, तेव्हा गाव एकदा ठरलं की बदलू नका. फोनवर बोलून टंकलेखन करत असाल तर सावध राहा, यंत्र बोलीतला शब्द गुपचूप प्रमाण करून टाकतं.

पहिला खर्डा झाला की चार-पाच मुलामुलींना वाचायला द्या, शक्यतो तुमच्या वर्गातली नकोत, ती बाईंना वाईट सांगणार नाहीत. ‘आवडलं का’ विचारू नका. पेन्सिल द्या आणि जिथं पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं तिथं समासात आडवी रेघ मारायला सांगा. तिघांची रेघ एकाच पानावर आली की दुरुस्ती बहुतेक त्याच्या दोन पानं आधी लागते. तुकड्यांतून एखादी स्वतंत्र कथा निघाली तर बालभारतीच्या ‘किशोर’कडे पाठवून बघा. १९७१ पासून चालणारं हे मासिक आपल्या शाळांपर्यंत पोहोचतं.

विद्यार्थिनींच्या ओळींबद्दल तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. वहीत तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलेलं जसंच्या तसं घेऊ नका. गाव, भावंडांची संख्या आणि प्रसंगाचं कारण, या तिन्ही गोष्टी बदलल्यावरही वर्गातल्या दुसऱ्या मुलीला ‘ही तीच’ असं ओळखता येत असेल, तर तो प्रसंग सोडून द्या. एखादं वाक्य मात्र इतकं तिचं असतं की बदलून चालत नाही. ते हवंच असेल तर मुलीला आणि तिच्या आईला ते पान मोठ्यानं वाचून दाखवा, दोघींचा होकार घ्या, आणि मुलीनं मान डोलावली पण नजर चुकवली तर तो नकार समजा. हे काम दसऱ्याच्या आत उरका, कारण त्यानंतर आई गावात नसेल.